स्टेपनीचा चंदेरी रंग

गाडीची चाकं घरच्या घरी रंगवा, अर्ध्या दिवसात नव्यासारखी, असं फोनवरच्या व्हिडिओतला एक माणूस हसत हसत सांगत होता आणि माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसत नव्हता. त्याचे हात फार स्वच्छ होते. चाक रंगवणाऱ्याच्या नखांत काय काय जाऊन बसतं ते मला माहीत आहे, आणि ते आठ दिवस निघत नाही हेही. तरी मी त्याचं ऐकून पनवेलच्या बाजारातून दोन स्प्रेचे डबे, पॉलिश पेपर, कागदी टेप आणि थिनरची बाटली घेऊन आले. दुकानदाराने डबा हलवून आतल्या गोळीचा खडखडाट ऐकवला आणि माल ताजा आहे असं सांगितलं. मी तळाशी छापलेली तारीख बघितली, झाकणाचं सील बघितलं आणि दुसरा डबा मागितला. त्याने मुकाट्याने दिला, पण माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत नसावीत.

यात माझा दोष नाही, हे घराणंच तसं. आमच्या बाबांनी आयुष्यात कुणाचं म्हणून पहिलं बोलणं खरं मानलं नाही. दूधवाला गेला की दुधात बोट बुडवून थेंब नखावर उभा राहतो का ते बघायचे. पेट्रोल पंपावर गाडीतून उतरून मीटरसमोर उभे राहायचे आणि शून्य डोळ्यांनी दिसल्याशिवाय नळी टाकीत जाऊ द्यायचे नाहीत. सख्ख्या बहिणीने पाठवलेल्या पापलेटचेही कल्ले उचकटून बघायचे. आई म्हणायची, यांना देव भेटला तरी आधी रेशनकार्ड मागतील. बाबा हसायचे नाहीत. देव म्हणून कोण येईल याचा काय भरवसा, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं.

बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. आई त्यांच्याआधीच गेली होती. मागे राहिली ती त्यांची दुधी रंगाची चौकोनी गाडी. त्यांच्या इमारतीखाली ती ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी होती. सोसायटीची दुसरी चिठ्ठी आली तेव्हा मी ती नवीन पनवेलला आमच्या पार्किंगमध्ये आणून लावली. नवरा म्हणाला, भंगारात देऊन टाक. त्याला स्वतःच्या स्कूटरसाठी ती जागा हवी असणार, हे मी लगेच ताडलं. दसरा आठ दिवसांवर आला होता. बाबांची गाडी दसऱ्याला गंजक्या चाकांनी उभी राहावी हे काही माझ्याच्याने बघवलं नसतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

दार उघडलं की अजून तोच वास येतो. तापलेल्या रेक्झिनचा, उंदरांसाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा, आणि कुठल्या तरी खाचेत अडकून वाळलेल्या झेंडूचा. मी पुढच्या डाव्या सीटवर थोडा वेळ नुसती बसले. ती आईची जागा.

आमच्या लहानपणी दसऱ्याआधीचे शनिवार-रविवार चाकांचे असत. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळ एका बैठ्या घरात राहायचो. अंगण एवढंसं, त्यात एक नारळ आणि उरलेल्या जागेत गाडी. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटपून बाबा आले की बनियनवर यायचे आणि जॅक लावायचे. जॅक कुरकुरायचा, गाडी एका अंगाने हळूहळू उठायची आणि मला उगाच भीती वाटायची. पान्यावर पाय देऊन नट त्याआधीच सैल केलेले असायचे, त्याचा एक कट्ट असा आवाज. एका चाकाला चार नट. ते सगळे रॉकेलच्या वाडग्यात पडायचे. गाडी विटांवर, आणि चारही चाकं अन् डिकीतली स्टेपनी नारळाच्या बुंध्याला टेकून रांगेत. तारेच्या ब्रशने घासायला लागलं की गंजाची पूड उडायची आणि तिची चव थेट जिभेवर यायची. संध्याकाळपर्यंत तांबड्या रेड ऑक्साइडचा हात बसायचा. रात्रभर सगळं घर त्या वासात झोपायचं.

रविवारी चंदेरी. आत्तासारखे स्प्रेचे डबे नव्हते. कागदाच्या पुडीतून चंदेरी पावडर यायची, ती वार्निशमध्ये टाकून बाबा कडुनिंबाच्या काडीने ढवळायचे. पावडर आधी वर तरंगायची, मग एकदम वळायची आणि डब्यात उजेड पडायचा. ते वळणं बघायला मी श्वास धरून बसायचे. बाबा मोठा ब्रश घ्यायचे आणि मला बारीक द्यायचे. चाकाच्या लोखंडात जी भोकं असतात, हवेची लांबट आणि नटांची गोल, ती माझी. बाबांच्या बोटांना तिथे जाता यायचं नाही.

बाबा मूळचे गव्हाणचे, मिठागरावरचे. त्यांचे वडील मिठागरात राबले, बाबाही शाळेआधी आणि शाळेनंतर तिथेच. मिठागरावरच्या माणसाचा लोखंडावर कधी विश्वास नसतो. तिथे फावड्याचं पातं दोन पावसाळ्यांत वाळलेल्या पानासारखं होतं. दाराची बिजागरी, बादलीची कडी, सायकलची साखळी, काही म्हणून टिकत नाही. त्यामुळे बाबांचं रंगाचं एकच शास्त्र होतं. टाचणीएवढं लोखंड उघडं ठेवायचं नाही. 'मीठ जागा शोधत असतं,' ते म्हणायचे. मी भोकांच्या आतून, कडेने, मागून असा तीन-तीन, चार-चार हात रंग द्यायचे. बाबा बोट फिरवून बघायचे. माझं काम तपासून बाबा गप्प राहिले की समजायचं, पास.

दोघांचे हात चंदेरी झालेले असत, म्हणून त्या दिवशी आई आम्हाला भरवायची. नवरात्र असायचं, मासळी नाही. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मोजका, एका लयीत, आणि पीठ भाजल्याचा गोडसर वास रंगाच्या वासातून वाट काढत अंगणापर्यंत यायचा. आईची भाकरी हातावर फिरत फिरत मोठी व्हायची, दोन्ही तळव्यांच्या बाहेर जायची, तरी कडेला कधी चीर नाही. ती ताटली घेऊन पायरीवर बसायची. एक घास मला, एक बाबांना. बाबा शेजारच्यांनी बघितलं तर काय म्हणतील म्हणून आधी रस्त्याकडे बघायचे आणि मग तोंड उघडायचे. त्या घासाला वार्निशचा वास असायचा. मला वाटतं, मी आयुष्यात सुखी होते ती बहुतेक त्याच पायरीवर.

सोमवारी बाबा चाकं चढवायचे, नट हाताला लागतील तेवढे फिरवायचे आणि गाडी हळूहळू उरण रस्त्याकडे न्यायचे. तिथे धाकूकाकांची टपरी होती. पंक्चर, हवा आणि बारीकसारीक दुरुस्ती. धाकूकाका बाबांचे गव्हाणचे सोबती, एकाच मिठागरात दोघांचे पाय फुटलेले. साऱ्या जगात बाबांचा विश्वास असा या एकाच माणसावर. त्याच्यासमोर त्यांची कचेरीतली भाषा गळून पडायची, 'आमी', 'तुमी' सुरू व्हायचं आणि ते कल्ले न बघता मासे घेतील असं वाटायचं. काका लांब पान्याने एकेक नट शेवटपर्यंत आवळायचे. झालं की पान्याने नटावर ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. घट्ट नटाचा आवाज वेगळा येतो. 'बोलला,' काका म्हणायचे आणि पुढच्याकडे जायचे. चार नट, चार वेळा 'बोलला'. मीही त्यांच्याबरोबर म्हणायचे.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला मावशीकडे सोनं द्यायला निघालो. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, त्यात भाताच्या लोंब्या. कर्नाळ्याचा डोंगर मागे पडला आणि पुढून कुठून तरी टकटक ऐकू यायला लागलं. आई म्हणाली थांबून बघा. बाबा म्हणाले टायरमध्ये खडा अडकला असेल. पुढे दोन-तीन मैल तो खडा वाजत राहिला. मग मला आमचं चाक दिसलं. ते एकटंच आमच्या पुढे धावत होतं, चंदेरी, उन्हात चकाकत, आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हेच की किती छान रंगवलंय. नंतर गाडी डाव्या अंगावर बसली आणि भाताच्या शेतात गेली.

आईचा डावा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला. प्लॅस्टर निघालं तेव्हा तो पुरता वळत नव्हता. भाकरी हातावर फिरवायला दोन्ही हात लागतात. ती पुढे पोळपाटावर प्लॅस्टिकच्या कागदात दाबून भाकऱ्या करायची, लहान, कडेला चिरलेल्या. कुणी काही बोललं नाही, पण दोन-तीन वर्षांत आमच्या घरात भाकरीच बंद झाली आणि चपात्या आल्या.

दवाखान्यात नातेवाईक यायचे आणि प्रत्येक जण तेच विचारायचा, नट कुणी आवळले होते? बाबा सांगायचे, धाकूने. एवढंच. शिवी नाही, आरोप नाही. त्या एका शब्दाचं पुढे काय करायचं ते गावाने केलं. काका शहाळी घेऊन आले होते. ते दाराशी उभे राहिले, बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि आईने भिंतीकडे तोंड केलं. मी खाटेच्या पायाशी बसून काकांकडे टक लावून बघत होते. नऊ वर्षांच्या पोरीला जेवढा द्वेष करता येतो तेवढा मी केला. होळीपर्यंत टपरी बंद पडली. ज्याने नाम्याच्या, म्हणजे बाबांच्या, बायकोचा हात मोडला त्याच्याकडे चाक कोण देणार? काका तळोज्याला कुठल्याशा कारखान्यात पाळीवर लागल्याचं पुढे कानावर आलं.

दसरे येत राहिले. चाकं रंगवायची बाबांनी सोडली नाहीत, पण मला मात्र त्यातून काढलं. हात खराब होतात म्हणाले. मी मोठी व्हायला लागले म्हणून असेल, मुलीने अंगणात बसून गाडीचं काम करू नये असं कुणी तरी त्यांच्या कानात भरवलं असेल, असा माझा संशय. कितीतरी वर्षं तो राग मनात होता. नटही आता ते स्वतः आवळायचे, पाठ धरेपर्यंत. आणि पायरीवर बसून भरवणं तर आपोआपच थांबलं होतं.

तर परवा रविवारी मी चारही चाकं काढून पार्किंगमध्ये मांडली. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. काही मदत हवी का विचारत होता, मला वाटलं वर जाऊन चुगली करणार. पॉलिश पेपर मारायला घेतला आणि फोन विटेवर टेकवून त्या स्वच्छ हातांच्या माणसाला पुन्हा बोलायला लावलं. तो आता टेप चिकटवत होता. नटांच्या भोकांत आणि चाक जिथे मागून टेकतं त्या सपाट भागावर रंग अजिबात जाऊ देऊ नका, तो म्हणाला. नट लोखंडावर बसला पाहिजे. मध्ये रंग राहिला तर नट आवळताना घट्ट लागतो, पण गाडी धावली, तापली की तो रंग चुरतो आणि नट ढिला होतो. चाक निघूनसुद्धा येऊ शकतं, असं म्हणून तो पुन्हा हसला.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. त्याला मोठेपणा दाखवायची हौस, अशांना काहीही घाबरवून सांगायची सवय असते, असं स्वतःला समजावलं. मग समोरची चाकं बघितली. चारही चाकांवर बाबांच्या हातचा जाड चंदेरी रंग होता, पण नटांची भोकं आतून कोरी होती. नुसतं लोखंड, कडेपर्यंत. मागची सपाट बाजूही कोरी. उघड्या लोखंडाच्या नावाने ज्यांना झोप लागायची नाही, त्या बाबांनी दर चाकाची चार भोकं उघडी ठेवली होती.

तेव्हा ते दिसलं. आठवलं म्हणत नाही, कारण ते कधी हरवलं नव्हतं, मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं एवढंच. अपघाताच्या पुढच्या वर्षी मी उंबऱ्यात रुसून बसलेली, आणि बाबा रंग लावायच्या आधी प्रत्येक भोकात बोटाने ग्रीस भरतायत. रंग झाल्यावर चिंधीने ते पुसून काढतायत. आणि त्याच्याही आधीचं एक. शेतातून ओढून आणलेली गाडी अंगणात वाकडी उभी आहे, आई अजून दवाखान्यात आहे, आणि बाबा उरलेल्या तीन चाकांपैकी एकाजवळ उकिडवे बसून नखाने काही तरी खरवडतायत. पाठ माझ्याकडे. मी हाक मारली तर वळले नाहीत.

मी उठून डिकी उघडली. स्टेपनी तिथेच होती, गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. त्या अपघातानंतर तिच्या रंगाला कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून बाबा दर वर्षी चारच चाकं रंगवायचे, पाचवं कधीच नाही, हेही मला आत्ता कळत होतं. सुतळी कापली. माझं काम होतं तसं होतं. चारही भोकं आतून, कडेने, मागून रंगाने गच्च, एक ओघळ नाही, एक जागा सुटलेली नाही. इतकं मन लावून पुढे मी आयुष्यात काहीच केलं नाही. नख लावलं तर दोन-तीन वर्षांचे थर चढून जाड झालेला पापुद्रा निघून हातात आला.

मी पार्किंगच्या फरशीवर बसून रडले. वॉचमनने बघितलं असेल, बघू दे.

आधी स्वतःवर राग आला, मग तो ओसरला. ब्रश माझ्या हातात होता, पण टाचणीएवढी जागा सोडू नको हे सांगणारे बाबा होते. राहिला तो त्यांच्यावरचा संशय, आणि तो मला झोपू देईना. त्यांना कळलं होतं. आठ-दहा दिवसांत कळलं होतं. मग ते का बोलले नाहीत? माझ्यासाठी? आईचा हात आपल्यामुळे गेला हे पोरीला कळू नये म्हणून? मला तसं मानायला फार आवडलं असतं. पण मी त्यांचीच मुलगी, पहिलं बोलणं खरं मानत नाही. कदाचित आईसाठी असेल. कदाचित सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक चारचौघांत उचलून दाखवता आली नसेल. आणि ती स्टेपनी का ठेवली? पाच मिनिटांत घासून टाकता आली असती. स्वतःला शिक्षा म्हणून, की कधी तरी सांगायचं होतं म्हणून? विचारायला माणूस नाही. बाबा खोटं बोलले नव्हते, नट धाकूनेच आवळले होते. हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात स्टेपनी घालून मी गव्हाणला गेले. रिक्षावाल्याला वाटलं पंक्चर काढायला चालले आहे. वाटेत तीनदा मनात आलं की परत फिरावं. पस्तीस वर्षांनी जाऊन म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि हे त्यांच्यासाठी चाललंय की माझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून? जुन्या मिठागरांच्या जागी आता भराव आहेत आणि भरावांवर इमारती. काकांचं घरही दोन मजली झालं होतं. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, वाळून गेलेले, कानात यंत्र. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"सही पायजे का कसली?" ते म्हणाले. "जमिनीचं असंल तर पोराशी बोल. मी सही करत नाय."

सही नको, म्हटलं. रिक्षावाल्याने स्टेपनी ओट्यावर ठेवली. काकी दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. मी सगळं सांगितलं, जमेल तसं, मधूनच मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. मिठाचं, ब्रशचं, रंग चुरतो त्याचं. काका यंत्र कानात दाबून ऐकत होते. मग ते खुर्चीतून उतरून खाली बसले आणि त्यांनी अंगठा एका भोकात घातला. फिरवला. मग दुसऱ्यात. चारही भोकं झाल्यावर त्यांनी नखाने पापुद्रा काढला आणि उजेडात धरला.

"चारी नट बोलले व्हते," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो काका, मी होते ना तिथे.

त्यानंतर ते बराच वेळ बोलले, माझ्याशी कमी आणि चाकाशी जास्त. गाव बोललं त्याचं एवढं नव्हतं, गाव कुणालाही बोलतं. पण ते रोज झोपताना मोजायचे. पाना चढवला, ठोकला, बोलला. एक, दोन, तीन, चार. "मोजून मोजून तीनच यायला लागले," काका म्हणाले. "चौथा कुठं गेला ते आठवंना. मंग मीच म्हटलं, विसारलास धाकू." टपरी गावाने बंद केली नव्हती, त्यांनी स्वतः केली होती. तळोज्याला मशीनवर ठेवत होते तर पॅकिंग मागून घेतलं, कारण तिथे काही आवळायचं नव्हतं. काकी मध्येच म्हणाली की घरात गॅसची टाकी बदलली तरी हा माणूस हात लावत नाही. नातवाच्या सायकलचा नटसुद्धा शेजाऱ्याकडून आवळून घेतो. तिने इतकी वर्षं त्याला भित्रा म्हणून हिणवलं. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

मी क्षमा मागितली. काकांनी हात हलवला. नऊ वर्षांच्या पोरीने काय करायचं असतं, बाप सांगतो ते करायचं असतं, म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

"नाम्याला ठाऊक व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. बाबा गेले, आई गेली, स्टेपनी मी परत घेऊन जाणार होते. नाही म्हटलं असतं तर दोघांची मैत्री शाबूत राहिली असती, निदान या ओट्यावर तरी. पण पस्तीस वर्षं एका खऱ्या शब्दाने या माणसाचा हात काढून घेतला होता. आता मी खोटा शब्द देऊन जाणार का?

"हो काका," मी म्हटलं. "तेव्हाच कळलं होतं त्यांना."

काकांनी तो पापुद्रा अंगठा आणि बोटात चुरला, त्याची चंदेरी पूड झाली, ती लुंगीला पुसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसलं नाही.

"एकदा यायला पायजे व्हता त्यानं," ते म्हणाले. "गावाला नको सांगायला, तुझ्या आईला नको. मला एकट्याला कानात सांगायचं. मी कोनाला बोललो नसतो. त्याच्या पोरीवर आलं असतं, मी कसा बोलनार? राहू दे माझ्याच नावावर म्हटलं असतं. पन मला तरी कळलं असतं."

काकी दारातून म्हणाली, "आनि मला? मला तरी सांगितलं असतं का तुमी?"

काकांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्यांनी खरंच विचार केला.

"नाय," ते म्हणाले. "तुला बी नाय."

काकी आत गेली. मी त्या बापाची लेक, ज्याला देवाकडेही रेशनकार्ड मागायचं होतं. पण ओट्यावर बसलेला तो माणूस जे म्हणत होता ते त्याने शेवटच्या श्वासापर्यंत पाळलं असतं, याबद्दल मला कणभरही शंका आली नाही. फक्त तो शब्द त्याच्याकडे कुणी मागितला नव्हता.